केतम्माचा मुलगा

फॉर्म कानडीत होता आणि अक्षर ऋतुराजचं होतं. सकवारबाईंनी तो वाचायला म्हणून घेतलाच नव्हता. एक्स-रेच्या खिडकीशी नंबर लावायला जाताना 'आई, हे स्वल्प धर' म्हणून तो कागद त्यांच्या मांडीवर ठेवून गेला होता. डोळ्यांवर चष्मा होता, म्हणून वाचला गेला. रुग्णाचं नाव केतम्मा. वय साठ, अंदाजे. गाव म्हणून बिळिगिरीच्या डोंगरातल्या कुठल्याशा वस्तीचं नाव. सोबत आलेल्याचं नाव ऋतुराज जयसिंगराव. रुग्णाशी नातं: मग. कानडीत मग म्हणजे मुलगा, हे शिवाजीनगरच्या कानडी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या सकवारबाईंना ठाऊक होतं. पण घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत आलेली त्यांची जीभ, तिने ते आधी मराठीतच वाचलं. मग? असं कुणीतरी अंगावर येऊन विचारल्यासारखं झालं. त्यांनी कागदाची घडी घातली. पुन्हा उलगडली. शेजारी केतम्मा बाकावर दोन्ही पाय वर घेऊन बसली होती, पोटाशी हात धरून. कानांच्या पाळ्यांना मोठमोठी भोकं, त्यांत काही नाही. कपाळाला तिच्या डोंगरातल्या देवाची राख. तिला वाचता येत नव्हतं. तिला कागदाकडे बघायचंही नव्हतं. ती खिडकीशी उभ्या असलेल्या ऋतुराजच्या पाठीकडे बघत होती.

तो परत आला तेव्हा त्यांनी विचारलं, "मग म्हणून लिहिलंस?"

त्याला क्षणभर कळलं नाही. मग तो म्हणाला, "ऑपरेशनला नातेवाइकाची सही लागते, आई. इथं दुसरं कोण आहे तिला?"

"नाही, बरोबरच लिहिलंस," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सरळ निघाला, आणि तो सरळ निघाला याचाच त्यांना राग आला.

सतरा वर्षं त्यांनी देवाशी भांडण केलं होतं. तशी त्या देवाशी त्यांची ओळख जुनी. घरापासून चार पावलांवर मेरीअम्माचं देऊळ, म्हणजे चर्च. शिवाजीनगरात कोण तिथे जात नाही? ऋतुराजला गोवर आला तेव्हा साडेतीन वर्षांच्या त्याला कडेवर घेऊन त्यांनी स्वतः तिथे मेणबत्ती लावली होती. पुढे कॉलेजात असताना तो बाप्तिस्मा घेऊन घरी आला तेव्हा सगळे त्याच्यावर ओरडले, आणि त्या एकट्या गप्प राहिल्या, कारण त्यांना वाटलं की ओळख तर आपणच करून दिली. बावीस वर्षांचा असताना तो सोलिग आदिवासींच्या डोंगरात धर्माचं काम करायला गेला. एक ट्रंक, एक कंदील. त्याचे वडील जयसिंगराव खाली आपल्या वर्कशॉपात मोटारींच्या सीटना रेक्झिन शिवत होते. मुलगा पायरीवर उभा राहिला तरी त्यांनी मशीन थांबवलं नाही. पुढची सहा वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी त्याचं नाव घेतलं नाही. सकवारबाईंनी मात्र स्वतःची समजूत घातली होती. देवाने नेला. देवापुढे कुणाचं काय चालतं? देवाशी भांडता येतं, पण देवाचा मत्सर करता येत नाही. देवाला हात नसतात, तो कुणाच्या ताटात वाढत नाही, कुणाच्या डोक्याला तेल लावत नाही. इतकी वर्षं ह्या एका विचारावर त्या निभावून गेल्या होत्या. आणि आता त्या बाकावर बसून त्यांना दिसत होतं की देवाने तो नेलाच नव्हता. ह्या बाईने नेला होता. हिला हात होते. काळे, शिरा उठलेले, नखांत माती असलेले.

तपासण्यांसाठी केतम्मा पाच दिवस त्यांच्या घरी राहिली. पोटात गोळा होता, गर्भाशय काढावं लागणार होतं, गुरुवारी सकाळची वेळ मिळाली होती. वर्कशॉप आता भाड्याने दिलेलं, वरच्या दोन खोल्या सकवारबाईंच्या. केतम्मा कॉटवर झोपेना. दाराशी जमिनीवर घोंगडी टाकून निजायची आणि पहाटे उठून खिडकीतून बसस्टँडकडे बघत बसायची. बोलणं कमी. तिची कानडी डोंगरातली, शब्द ओळखीचे पण चाल वेगळी, गाण्यातली असावी तशी. सकवारबाई तिला वेळेवर पेज द्यायच्या, नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, करून द्यायच्या, काही कमी पडू द्यायच्या नाहीत. कमी पडू द्यायचं नाही ह्यातच त्यांचा सगळा आवेश होता. पण ऋतुराज संत्रं सोलून, एकेका फोडीची शीर काढून तिच्या हातावर ठेवायला लागला की त्या उठून मोरीत जायच्या आणि घासलेलं भांडं परत घासायच्या. तो वर्षातून दोनदा यायचा, दोन दोन दिवस. त्या दिवसांत तो चांगला वागायचा. पाणी भरायचा, औषधाच्या बाटल्या वाचून सांगायचा, 'आई, तू बस, मी करतो' म्हणायचा. एखाद्या घरी प्रार्थनेला गेलेला पाहुणा वागतो तसा. आपला मुलगा मवाळ झालाय, अबोल झालाय, असंच त्या धरून चालल्या होत्या. आणि आता भिंतीपलीकडून त्याचं हसू ऐकू येत होतं. केतम्मा त्याला काहीतरी तोडून बोलत होती, आणि तो कानडीत आईला म्हणतात तसं 'अव्वा, अव्वा' करत, नाकातून, सात वर्षांच्या पोरासारखा हसत होता. ते हसू त्यांना पाठ होतं. ते गेलंय असं समजून त्यांनी त्याचं सुतकही फेडलं होतं.

रविवारी तो बनियन काढून न्हाणीकडे गेला तेव्हा त्यांना त्याच्या पाठीवर व्रण दिसला. उजव्या खांद्यापासून खाली वीतभर, चार ओळी, चकाकणाऱ्या. त्यांनी विचारलं, तर 'काही नाही, जुनं आहे' म्हणून त्याने दार लावून घेतलं. दारामागे पाण्याचा आवाज सुरू झाला. केतम्मा भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "अस्वल. चौथं वर्ष होतं त्याचं. मी पाला वाटून भरला, चाळीस दिवस पालथा निजवला. ताप चढला की मांडीवर डोकं आपटायचा." आणि जरा थांबून, "भाजलेला कंद लागायचा त्याला. अजून लागतो. तू करतेस की नाही अक्का?"

चौथं वर्ष. सकवारबाईंनी कपाटातल्या पिशवीतून पोस्टकार्डं काढली. त्या वर्षीची तीन होती. 'आई, मी बरा आहे. पाऊस चांगला झाला. शाळेत नऊ मुलं येतात.' अक्षर जरा तिरकं. तेव्हा त्यांना वाटलं होतं, घाईत लिहिलं असेल. त्या दिवसांत आपण काय करत होतो, हे त्या आठवू लागल्या. भाचीचं लग्न होतं बहुधा. त्या लग्नात त्यांनी हिरवा शालू नेसून पंगतीत जिलबी वाढली होती, आणि तिकडे त्यांच्या पोराच्या पाठीत ही बाई पाला भरत होती. आपल्याला कळलं नाही ह्याचं दुःख त्यांना झालंच नाही, ही गोष्ट त्यांना स्वतःलाच विचित्र वाटली. त्यांना झाला तो हेवा. ती वेदना आपल्या वाटणीची होती, आणि ती दुसरीने खाल्ली.

सोमवारी त्याला परत जावं लागलं. वस्तीत एक म्हातारा गेला होता, बाप्तिस्मा घेतलेल्यांपैकी. सतरा वर्षांत अकरा घरं त्याच्या देवाकडे आली होती. अकरा घरांतलं मरण म्हणजे तो तिथे हवाच. "बुधवारी संध्याकाळी येतो," तो म्हणाला. ते आईला म्हणाला, की खाली वाकून केतम्माला म्हणाला, हे त्यांनी नीट पाहिलं. केतम्माला म्हणाला.

बुधवारी दुपारी वर्कशॉपातल्या शेखने खालून हाक मारली, "अम्मा, फोन आहे तुमचा." त्या चौदा पायऱ्या उतरून गेल्या. तारेत खरखर होती. ऋतुराज चामराजनगरहून बोलत होता. घाटात रस्ता बंद होता, पहिली बस हुकली. "आई, मी रात्रीच्या गाडीने निघतो, सकाळी सातला थेट इस्पितळात येतो. अव्वाला सांग, घाबरू नको म्हणावं. तिला आत न्यायच्या आधी मी तिथे असेन. नक्की सांग हं." "सांगते," त्या म्हणाल्या. "तू जेवलास का?" पण तोवर फोन कटला होता. चौदा पायऱ्या चढताना त्यांच्या मनात काही बेत नव्हता, असं त्यांनी पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं. वर आल्या, केतम्माने मान वर करून पाहिलं. त्या नजरेत जे वाट बघणं होतं, ते त्यांच्या ओळखीचं होतं. ते त्यांचं स्वतःचं होतं, कुणीतरी घरातून उचलून नेलेल्या भांड्यासारखं. आणि त्यांचं तोंड बोलून गेलं, "तो येत नाही म्हणाला."

"उद्याही?"

"उद्याही."

"सरी," केतम्मा म्हणाली, बरं म्हणावं तसं. तिने घोंगडीची गुंडाळी केली, पदराला गाठ मारली, आणि भिंतीला धरून उठली. "मला माझ्या बसला लावून दे अक्का. मला ह्या गावातला रस्ता कळत नाही."

त्या तिला घेऊन खाली उतरल्या. थांब म्हणणं एका शब्दाचं काम होतं. तो शब्द त्यांच्या तोंडात होता, आणि त्याच्या मागे दुसराच एक विचार उभा होता, की ही गेली तर गेली, डोंगरात जाऊन बरी होईल नाहीतर नाही होणार. हा विचार आपला आहे ह्याची त्यांना फारशी भीतीही वाटली नाही. बसस्टँडवर ऊन होतं. केळीवाल्या, सुरीला धार लावणारे, मार्केटातून कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन निघालेली माणसं. मेजेस्टिकच्या मोठ्या स्टँडकडे जाणारी बस भरून गेली, दुसरी आली तीही भरून गेली. केतम्माला ढकलाढकलीत चढता येईना. ती पोट धरून खांबापाशी मटकन खाली बसली. सकवारबाई तिच्या शेजारी बसल्या, नऊवारीचा काठ धुळीत. लोक त्यांना ओलांडून जात होते. इथे जन्म गेला, पण ह्या स्टँडवर जमिनीवर त्या कधी बसल्या नव्हत्या.

"दुखतंय?"

"दुखतंय."

आणखी एक बस भरून गेल्यावर केतम्मा आपणहून बोलायला लागली. समोरच्या बसकडे बघत, जणू बसलाच सांगत होती. "मला पोरगा आहे अक्का. मादय्या. एकच जगला. तुझा पोरगा आमच्यात आला तेव्हा मादय्या नऊ वर्षांचा. तुझ्याने त्याला अक्षरं शिकवली. मग गाणी शिकवली. मग देव शिकवला. मला त्याचं काही नाही, देव पुष्कळ असतात. पण मादय्या हुशार निघाला. त्याला पुढच्या शाळेत पाठवला, तिथून आणखी पुढच्या. मी म्हणायची, पुरे आता, मधाच्या दिवसांत झाडावर चढायला घरात कुणी नाही. तुझा म्हणायचा, अव्वा, देवाचं काम आहे. आता मादय्या पण तसाच झालाय, तुझ्यासारखा. म्हणजे तुझ्या पोरासारखा. ओरिसा म्हणतात तिथल्या डोंगरात आहे, परक्या लोकांत. चार वर्षं झाली. कागद येतो. तुझा वाचून दाखवतो. मी बरा आहे, पाऊस चांगला झाला."

सकवारबाईंनी नऊवारीच्या काठावरची धूळ झटकली.

"माझा त्याने नेला," केतम्मा म्हणाली, "म्हणून मी त्याला धरून ठेवला. सोडेन कशाला? रिकाम्या हाताने काय बसायचं? कंद भाजला, पाठ चेपली, शिव्या दिल्या. तो मला अव्वा म्हणतो तेव्हा मी ओ देते, पण माझं ध्यान दुसरीकडे असतं. तिकडे त्या डोंगरातही कुणी म्हातारी असेल. माझ्या मादय्याला जेवू घालत असेल. तिचे हात सडोत असं मला वाटतं. मग वाटतं, नकोत सडायला. उपाशी राहील पोरगं."

सकवारबाईंच्या मनात आलं की सतरा वर्षं आपण जो शब्द शोधत होतो, तो ह्या अडाणी बाईने बसस्टँडवर बसून सहज उच्चारला. तिचे हात सडोत. पाच दिवस पेज वाढताना, मुद्दा वळताना, त्यांना दुसरं काय वाटत होतं? आपलं मन कुणीतरी चारचौघांत उलटं करून झटकावं, तसं त्यांना झालं. लाज वाटली, आणि लाजेच्या खाली एक सैलपणाही वाटला, घट्ट पोलक्याचं बटण काढल्यावर वाटतो तसा.

"तो येतोय," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले. रात्रीच्या गाडीने निघतोय, सकाळी इस्पितळात येणार आहे. तुला घाबरू नको म्हणाला."

केतम्माने पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "ठाऊक आहे," ती म्हणाली. "खरंच येत नसता तर तू मला दोन घास जास्त वाढले असतेस."

"मग निघालीस कशाला?"

"पोट फाडणार म्हणतात. मला भीती वाटते. तू निमित्त दिलंस."

त्यांना हसू आलं, आणि केतम्माला हसवेना म्हणून ती नुसतीच कण्हली. त्या उठल्या. तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं. घोंगडी आपल्या खांद्यावर घेतली. तिला धुराचा आणि कसल्याशा पाल्याचा वास होता, तोच जो ऋतुराजच्या शर्टांना यायचा आणि जो घालवायला त्या ते शर्ट दोन दोनदा पिळायच्या. चौदा पायऱ्या चढायला दोघींना फार वेळ लागला.

सकाळी तो इस्पितळाच्या फाटकाशी उभा होता, दाढी वाढलेली, चपलांना लाल माती. दोघींपैकी कुणीच त्याला काही सांगितलं नाही. केतम्माला चाकाच्या खुर्चीत बसवून नेलं तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटले, ओठ हलले. तिने प्रार्थना संपेपर्यंत थांबून घेतलं आणि मग आपल्या कपाळावरची राख बोटाने नीट केली. दार बंद झालं. मायलेक बाकावर शेजारी बसले. इतका वेळ ते दोघं एकमेकांशेजारी कधी बसले होते? त्यांना पाठीवरच्या व्रणाबद्दल विचारायचं होतं. त्यांनी विचारलं, "मादय्या काय करतो तिकडे?"

तो दचकला. "तुला कुणी सांगितलं? चांगलं काम करतो तो, आई. आमच्यातला सगळ्यात चांगला. तिथली भाषा दोन वर्षांत शिकला."

"त्याला कळवलंस? आईचं पोट कापतायत म्हणून?"

"नाही." तो आपल्या नखांकडे बघत राहिला. "कळवलं तर तो यायला निघेल. तिथे आता त्याला सोडून येण्यासारखं नाही. नवी माणसं आहेत, विश्वास बसायला लागलाय. मी आहे ना इथं. मीही तिला मुलासारखाच." आणि मग, त्यांनी काही विचारलं नसताना, "मला अस्वलाने ओरबाडलं तेव्हा मीही तुला कळवलं नव्हतं. तू आली असतीस."

"आले असते," त्या म्हणाल्या.

दुपारी दोनच्या सुमाराला तिला बायकांच्या वॉर्डात आणलं. गोळा निघाला होता, रक्त फार गेलं नव्हतं, नर्स म्हणाली की सगळं ठीक आहे. केतम्मा कॉटवर लहान दिसत होती. ओठ सुकलेले, तोंडाला औषधाचा वास. ऋतुराज एका बाजूला वाकून उभा राहिला, सकवारबाई दुसऱ्या बाजूला. बऱ्याच वेळाने तिच्या पापण्या हलल्या आणि ती काहीतरी बोलली. तो आणखी वाकला.

"अव्वा. मी आहे. इथंच आहे."

"मादय्या," ती म्हणाली.

"अव्वा, मी ऋतुराज."

तिने डोळे उघडले. त्याच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि मान हलवली. रागाने नाही, चुकीचं भांडं पुढे केल्यावर हलवावी तशी. "तू नाही," ती म्हणाली. "माझा. मादय्या कुठाय?"

तो सरळ उभा राहिला. सकवारबाईंना त्याचा चेहरा दिसला. एकोणचाळीस वर्षांचा, कानशिलांवर पांढरा झालेला चेहरा. आणि त्या चेहऱ्यावर एखादा मुलगा परक्या घरातल्या पंगतीत बसतो आणि त्याला उठवतात, तसं काहीतरी आलं. सतरा वर्षं त्यांनी ह्याच क्षणाची वाट पाहिली होती. कुणीतरी त्याला सांगावं की तू इथला नाहीस. ते झालं, आणि त्यांच्या छातीत आनंद उसळला, खरा, निलाजरा. तो पुरता वर येण्याआधीच गार पडला. त्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या नजरेत मागणं होतं. ये म्हणावं, जवळ घ्यावं, घरी चल म्हणावं. त्या म्हणाल्या असत्या तर तो आला असता, हे त्यांना स्वच्छ कळलं.

"मादय्या," केतम्मा पुन्हा म्हणाली. तिचा हात चादरीवर चाचपडत होता.

"जा," सकवारबाई मुलाला म्हणाल्या. "त्याला घेऊन ये."

"आई, दोन दिवस जायला लागतात. दोन यायला."

"लागू देत. तार नको करू, कागद नको पाठवू. स्वतः जा. तिथली माणसं थांबतील."

त्याने केतम्माच्या अंगावरची चादर सारखी केली. मग त्याने पिशवी उचलली आणि कॉटांच्या मधून दाराकडे गेला. एकदा थांबला, पण वळला नाही. त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावर ऐकू आला, मग आला नाही. सकवारबाईंनी स्टूल पुढे ओढलं. केतम्माचा हात अजून काही शोधत होता. त्यांनी तो आपल्या हातात घेतला आणि तिला सांगितलं की तो निघालाय.